मुठीतला पाच

वर्धा स्टेशनच्या फलाटावर, पुलाच्या जिन्याखाली एक चहावाला बसतो. त्याला आम्ही दोघी वेड्या वाटायचो. वाटणारच. दर शनिवारी दुपारी पन्नाशीकडे झुकलेल्या दोन बाया त्याच्यासमोरच्या बाकावर येऊन बसतात, चहा घेतात आणि आपापली मूठ समोर धरतात. एक जण विचारते, "गोड का तिखट?" मग दोघी एकदम मुठी उघडतात. तळव्यांवर पेनानं आकडे लिहिलेले असतात. आकडे सारखे निघाले की एकमेकींना टाळी देतात आणि अजून एकेक चहा सांगतात. हे सगळं त्यानं बरीच वर्षं गुपचूप पाहिलं आणि एक दिवस विचारलंच, "म्याडम, आज कोन जितलं?"

"जुळलं न, म्हणजे दोघी जितलो," माझी मैत्रीण म्हणाली.

"ऐसा भी कोई खेल होते का?" म्हणून तो हसला. पण तेव्हापासून दर शनिवारी चहा देताना तो हेच विचारू लागला.

मी देवळीच्या कॉलेजात गणित शिकवते. ती सिंदीला ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. नागपूरला एम.एस्सी.ला एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आमची मैत्री. लग्न करून ती सिंदीला गेली, मी लग्न केलंच नाही, आणि दोघींच्या मधोमध पडलं वर्धा. ती पॅसेंजरनं यायची, मी बसनं. ती शांत, मी तापट. माझे विद्यार्थी माझ्या मागं मला 'तिखटाची पुडी' म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणोत बापडे. चुकीच्या उत्तराला "चालते न मॅडम" म्हणणाऱ्या कुणाचंही मी आजवर चालवून घेतलेलं नाही, आणि तोंडदेखलं बोलून कुणाचं मन राखायची मला सवय नाही. ती म्हणायची, "तुझं एक बरं आहे वं. तू चांगलं म्हटलं तं ते चांगलंच असते."

आम्ही काय मोजत होतो ते सांगायला हवं, नाही तर पुढचं कळायचं नाही. घाबरू नका, मी कुणाला फळ्याजवळ बोलावत नाही.

घड्याळात बारानंतर तेरा येत नाही, पुन्हा एक येतो. तशी मोजक्याच आकड्यांची घरं गणितात असतात. कुठं तीनच आकडे, कुठं चार, कुठं पाच, आणि बेरजेचा नेम घराघराचा निराळा. त्या आकड्यांच्या चौकटी मांडायच्या, दोन ओळी आणि दोन रकाने. एकेक चौकट म्हणजे एकेक हालचाल, ती सगळे बिंदू इकडचे तिकडे करते. आता गंमत अशी की आपण उभं राहायची जागा बदलली की एक चौकट दुसरीसारखी दिसायला लागते. आमच्याकडं लग्नात एकच माणूस कुणाचा मामा असतो, कुणाचा भासरा, कुणाचा जावई. हाका वेगळ्या, माणूस तोच. तशा ज्या चौकटी निव्वळ जागा बदलल्यामुळं वेगळ्या दिसतात, त्या सगळ्यांचा मिळून एक वर्ग. आम्ही हाका मोजत नव्हतो, माणसं मोजत होतो. अमुक घरातल्या अमुक चौकटींचे एकूण वर्ग किती, एवढाच प्रश्न.

मोजायच्या दोन रीती. तिची रीत नमुने वेचायची. प्रत्येक वर्गातून एकेक साधी, नीटनेटकी चौकट निवडायची, एकही सुटू द्यायची नाही आणि एकही दोनदा घ्यायची नाही. फार चिकाटीचं काम ते, माझ्यासारखीचं नव्हेच. माझी रीत जोड्यांची. फोडणीत आधी हळद टाकली काय आणि आधी तिखट टाकलं काय, फरक पडत नाही. पण आधी तेल की आधी मोहरी, यात फरक पडतो. चौकटींचंही तसंच आहे. ज्या दोघींचं मागंपुढं झालं तरी काही बिघडत नाही, अशा सगळ्या जोड्या मोजायच्या आणि एकूण चौकटींनी भागायचं. जो भागाकार येतो तो बरोबर वर्गांचा आकडा असतो. का, ते सिद्ध करता येतं. तरी मला दर वेळी नवल वाटतंच.

आठवडाभर दोघींनी आपापल्या घरी आपापल्या रीतीनं मोजायचं. फोनवर उत्तराबद्दल एक शब्द काढायचा नाही. शनिवारी तळव्यावर आकडा लिहायचा आणि मूठ बंद. ही शक्कल तिची. लहानपणी भुलाबाईची गाणी झाली की झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायला लावायचे, त्यावरून काढलेली. पोरी डबा वाजवून "गोड का तिखट?" असं विचारायच्या, तसंच ती मूठ हलवून विचारायची. जुळलं तर गोड. नाही जुळलं तर तिखट, आणि मग चूक कुणाची ते शोधत आम्ही फलाटावर भांडत बसायचो. म्हणजे भांडायचे मी, ती आपली पेन घेऊन शोधत असायची. बहुतेक वेळा चूक माझीच निघायची.

यातून आमचे दोन छोटे पेपर छापून आले. कुणी वाचले, देव जाणे. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, सिंदीला जिनिंगमध्ये सुपरवायझर आहेत. ते चिडवायचे, "तुमच्या मोजण्यातून कापसाचं एक बोंड तरी निघते का?" ती म्हणायची, "नाई निघो. तुमच्या कापसातून एक वर्ग तरी निघते का?" मग ते हात जोडून चहा टाकायला उठायचे. फार गुणी माणूस.

तान्हा पोळा झाल्यानंतरच्या शनिवारी ती आली ती बोलत बोलतच. सिंदीचा तान्हा पोळा म्हणजे काय विचारता! माणसाहून उंच लाकडी बैल, त्यांना झुली, बाशिंगं, आणि मागं सगळा गाव. तिनं सगळं रंगवून सांगितलं, मग मुठी उघडल्या. आकडे जुळले नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. मी नेहमीसारखी बरसले, "डोळे काय सिंदीलाच ठेवून आली का?" ती हसली. "होते वं कधी कधी. म्हातारी होऊन राह्यली न मी."

तिसऱ्या खेपेला मी तिचे कागद मागून घेतले आणि ओळ न ओळ तपासली. चूक सापडली तेव्हा मी ओरडले नाही. ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ज्या घरात आकड्यांची संख्या सम असते, दोन किंवा चार, त्या घराची एक खोड असते. तिथं कुठलाही आकडा स्वतःतच मिळवला की शून्य होतो. म्हणजे अधिक आणि उणे वेगळे राहतच नाहीत, एकच होतात. त्यामुळं विषम घराचं सूत्र निराळं आणि सम घराचं निराळं. ज्यांचा निश्चयक एक येतो अशा आमच्या सगळ्यात साध्या चौकटी घेतल्या, तर विषम घराच्या आकड्यात चार मिळवायचे आणि सम घराच्या आकड्यात एक. पाचाच्या घरात नऊ वर्ग. चाराच्या घरात पाच. हे मला तिनंच शिकवलं होतं, नागपूरच्या मेसमध्ये वरण गार होईस्तोवर. आणि त्या कागदावर तिनं सम घरात अधिक वेगळे मोजले होते, उणे वेगळे मोजले होते. ही चूक ती करूच शकत नव्हती. ती स्वतःचं आडनाव विसरली असती तरी मी एवढी घाबरले नसते.

मी भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "थकली असन. पेपर तपासणं चालू आहे न तिचं." मी म्हटलं, "थकवा नाही हा. उद्या नागपूरला न्या, नाही तर मी येऊन नेते." शेवटी तिघंही गेलो. डॉक्टरांनी विचारलं, डोकं दुखतं का? नाही. उलट्या होतात? नाही. चक्कर? नाही. "मग आणलं कशाला?" मी म्हटलं, "डॉक्टर, ही अधिक आणि उणे वेगळे मोजून राह्यली." पेशंट मीच आहे की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती तर तोंडावर पदर घेऊन हसत होती. पण मी खुर्चीवरून हलेना, तेव्हा त्यांनी स्कॅन लिहून दिला.

मेंदूत गाठ होती. ऑपरेशन झालं, पण सगळी निघाली नाही. डॉक्टर भाऊजींना बाजूला घेऊन बोलले तेव्हा मी दाराशीच होते. "घरी न्या. आवडते ते करू द्या," एवढं ऐकलं आणि मला कळायचं ते कळलं. भाऊजी भिंतीला टेकून खालीच बसले. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर, ते सांगता येणार नाही. त्या गाठीला कान असते तर अशी झाडली असती तिला!

मग शनिवार सिंदीला भरायला लागला. मीच पॅसेंजरनं जायची. डोक्याला ओढणी बांधून ती खिडकीजवळच्या पलंगावर बसलेली असायची. शब्द अडखळायचे. उजव्या हातात जोर राहिला नव्हता. दिवाळी होऊन गेली होती. कापसाच्या गाड्या घरावरून जिनिंगकडं जायच्या आणि ती त्यांच्याकडं पाहत बसायची. एकदा खिडकीतून नजर न काढताच म्हणाली, "मले एक दे."

"काय देऊ?"

"मोजाले."

"आधी बरी हो," मी म्हटलं.

"बरी होणार नाई मी. तुले माहीत आहे, मलेबी माहीत आहे. हे मले कायले सांगतं?" मग माझं मनगट धरून म्हणाली, "एकदा जुळू दे वं. एकदाच. मग जाते मी."

"गप बस," म्हणाले मी. दुसरं काय म्हणणार?

मी तिला चाराच्या घरातला प्रश्न दिला, पोरांना पहिल्यांदा देतो तो. साठ चौकटी, पाच वर्ग. पुढच्या शनिवारी डाव्या हातानं कसाबसा उजव्या तळव्यावर आकडा लिहून ती वाट पाहत होती. मुठी उघडल्या. माझ्या हातावर पाच, तिच्या हातावर आठ. चाराला चार मिळवलेले. विषम घराचं सूत्र सम घरात. तिनं आळीपाळीनं दोन्ही हातांकडं पाहिलं आणि म्हणाली, "तिखट."

"दुसरं देते," मी म्हटलं.

"नाई. तेच दे. तेच जमलं पाह्यजे."

त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आठ. त्या दिवशी ती रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, तिची आई गेली तेव्हासुद्धा नाही. म्हणाली, "नावं विसरते मी, वार विसरते, परवा तं चुलीवर दूध ठेवलं अन् विसरली. त्याचं काही नाई. पण हे गेलं तं मी राह्यली कुठं?" मी तिची पाठ थोपटत राहिले. तोंडात आलेलं प्रत्येक वाक्य मलाच खोटं वाटत होतं.

तो सगळा आठवडा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात उभी राहायची आणि कुठवर आले तेच आठवायचं नाही. तिला एकदा जुळलेलं पाहायचं होतं. बस, एवढंच मागणं. त्यासाठी माझ्या हातावर काय पाहिजे, तेही मला माहीत होतं. उभा जन्म खरं बोलून असं कोणतं घबाड मिळालं होतं मला? पुढच्या शनिवारी पॅसेंजर सिंदीजवळ आली, तेव्हा मी पेन काढलं आणि तळव्यावर ठसठशीत आठ लिहिला.

गेले तर ती उशीला टेकून ताठ बसली होती. डोळे चमकत होते. मला वाटलं ताप आहे, कपाळाला हात लावून पाहिला तर गार. बाजूच्या स्टुलावर ताट ठेवलेलं, वरून टॉवेल झाकलेला. मी म्हटलं, "जेवली नाही का अजून?" तिनं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. भाऊजी चहा घेऊन दारातच थांबले होते. तिची मूठ आधीपासूनच मिटलेली होती.

"गोड का तिखट?" तिनं विचारलं. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच विचारलं.

"गोड," मी म्हटलं.

मुठी उघडल्या. तिच्या तळव्यावर पाच होता. वेडावाकडा, पोट फुगलेला, पण पाच. माझ्या तळव्यावर आठ.

ती माझ्या हाताकडं पाहत राहिली. चेहऱ्यावरचं सगळं तेज माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेलं. मग हळूच म्हणाली, "माझंच चुकलं असन."

"नाही! नाही वं, पाचच! तुझंच बरोबर आहे!" मी ओरडलेच.

"मन राखून राह्यली तू."

"मन नाही राखत. आई शप्पथ, पाचच आहे."

"मग तुह्या हातावर आठ काऊन?"

माझं गणित चुकलं म्हणाले असते तर तिनं विश्वास ठेवला नसता. चाराच्या घरात मी चुकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? खरं तेच सांगितलं. "मुद्दाम लिहिला. तुझा आठ येईल असं वाटलं मला. जुळावं म्हणून लिहिला."

तिनं नजर स्टुलावरच्या ताटाकडं वळवली. भाऊजींनी पुढं होऊन ताटावरचा टॉवेल काढला. ताटात सरकी होती. जिनिंगमधून त्यांनी ओंजळभर आणून दिलेली. "सूत्र आठवत नाई म्हणे," ते सांगू लागले. "म्हून एका चौकटीचा एक दाणा धरला. रोज दुपारी ढीग लावून राह्यली, मोडून राह्यली. काल सांजेले म्हणाली, झालं." ताटात पाच ढीग होते. एकाच दाण्याचा एक. मग पंधरांचा, विसांचा आणि बाराबारांचे दोन. मी नजरेनंच मोजले. एक दाणा इकडचा तिकडं नव्हता. सूत्र गेलं होतं, तर तिनं साठच्या साठ चौकटी हातानं फिरवून पाहिल्या होत्या, त्या तसल्या डोक्यानं, त्या तसल्या हातानं. माझ्यासाठी. मला जुळवून दाखवायला.

"मी बरोबर निघाली," ती म्हणाली, "अन् नेमकी तूच नाई आली वं पडताळ्याले."

रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मी सोसलं असतं, रागाशी माझं जुनं नातं आहे. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. तिनंच माझ्या केसांवरून हात फिरवला, तो आकडा लिहिलेला हात. मी निघाले तेव्हा म्हणाली, "पुढच्या शनिवारी खरं लिहिजो."

"लिहीन," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी मी वर्ध्याच्या फलाटावरच तळव्यावर पाच लिहिला. गाडीत दोनदा गिरवला, पुसट व्हायला नको म्हणून. घरी पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. दोन दिवसांपासून डोळे उघडले नाहीत, भाऊजी म्हणाले. उजवा हात चादरीवर पडला होता, बोटं अर्धवट मिटलेली. मी ती एकेक करून उघडली. तळवा पुसून स्वच्छ केलेला होता. "गोड का तिखट?" मी तिच्या कानाशी विचारलं. मग माझा तळवा तिच्या तळव्यावर ठेवून बसून राहिले, संध्याकाळची गाडी निघून गेली तरी. ती पहाटे गेली.

मोजायचं मी सोडलेलं नाही. दुसरं काही येत नाही मला. हल्ली तिची रीतही मीच करते, नमुने वेचते, आणि मग जोड्या मोजते. दोन्ही उत्तरं जुळतात. जुळणारच, दोन्ही हात माझेच. त्याला काही कुणी पडताळा म्हणत नाही.

वर्ध्याच्या फलाटावर जायचं मी बरेच महिने टाळलं. परवा नागपूरला एका कामासाठी जायचं होतं आणि गाडी उशिरा होती, म्हणून जाऊन त्या बाकावर बसले. चहावाल्यानं लांबूनच ओळखलं. न विचारता दोन कप भरले आणि घेऊन आला. "बहोत दिवसानं म्याडम! दुसऱ्या म्याडम मागून येऊन राह्यल्या का?" दोन्ही कप बाकावर ठेवून त्यानं हसत विचारलं, "मंग, शेवटी कोन जितलं?"

"ती जितली," मी म्हटलं. "एकटीच जितली."